बेचाळिसावं पान

वसमत, जि. हिंगोली
२५ नोव्हेंबर २०२४

चि. रश्मी,
जयभीम.

तुझ्या भावानं, केतननं, तुमच्या वस्तीच्या तोंडाशी लागलेल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. 'रश्मी गौतम इंगोले, एम.ए. समाजशास्त्र, प्रथम श्रेणी. हार्दिक अभिनंदन.' आणि खाली कोपऱ्यात मी, ३ जानेवारीच्या सत्काराचा प्रमुख वक्ता म्हणून. मामा आणि भाची एका फ्लेक्सवर! मी तो फोटो आमच्या वाचनालयात सगळ्यांना दाखवला. ज्यांना दाखवायचा नव्हता त्यांना आधी दाखवला.

बेटा, एका विद्यापीठाच्या नावासाठी मी विशीच्या आत पाठीवर काठ्या खाल्ल्या आहेत. अठरा दिवस तुरुंगात होतो. लोक विचारायचे, पाटी बदलून तुमच्या पोटात काय पडणार? आज उत्तर आहे. शकूची मुलगी एम.ए. झाली, हे पडलं. जी साकीनाक्याच्या गाळ्यात उभं राहून प्लास्टिकच्या कडा तासते, तिची मुलगी.

आता कामाचं. तुझ्या लघुप्रबंधाची एक प्रत मला हवी. बांधलेली, काळ्या पुठ्ठ्याची. मिरवायला नव्हे, मी ती वाचणार आहे. गाळ्यातल्या चौदा बायकांशी तू बोललीस म्हणून शकूनं सांगितलं होतं. त्यांचं म्हणणं मला ३ तारखेच्या भाषणात घ्यायचं आहे. सावित्रीबाईंच्या जयंतीला याहून चांगलं काय बोलणार?

फोन करू नकोस. मला आता कमी ऐकू येतं. कागदावर लिही. कागदावर खोटं बोलायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात माणसाला लाज वाटते.

तुझा,
भीमराज मामा


असल्फा, घाटकोपर (प.)
३ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. आई बरी आहे. तिचा गुडघा दुखतो पण ती सुट्टी घेत नाही. केतनला अंधेरीला एका कुरिअरच्या ऑफिसात लागून तीन महिने झाले.

प्रत बाइंडिंगला आहे. त्यांच्याकडे गर्दी आहे असं ते म्हणतात. आली की पाठवते.

तुम्ही ३ तारखेला एवढ्या लांबून यायलाच हवं असं नाही. इथे आता वक्ते मिळतात. तुमच्या वयाला प्रवास त्रासाचा होईल. मंडळाच्या लोकांशी मी बोलू का?

फ्लेक्स चांगला आहे. फोटो दोन वर्षांपूर्वीचा आहे, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. चौकातला किराणावाला मला आता मॅडम म्हणतो.

बाकी ठीक.

तुमची,
रश्मी


वसमत
९ डिसेंबर २०२४

चि. रश्मी,
जयभीम.

पत्र वाचून हसलो. किती संकोच! सत्कार तुझा आणि तू वक्त्याला म्हणतेस, येऊ नका. हा विनय मला आवडला नाही. आपल्या लोकांनी विनय पुरेसा केला आहे, दोन हजार वर्षांचा साठा आहे.

मी येणार. दोन तारखेलाच येतो, चार दिवस राहतो. शकूला सांग, मला गादी नको, सतरंजी चालेल.

बाइंडिंगवाल्याला दमात घे. हे लोक बाईमाणूस पाहून टोलवतात. नाही तर मी आल्यावर दोघं जाऊ. इथल्या वाचनालयात मी एक खण रिकामा करून घेतला आहे. त्यात पहिलं पुस्तक तुझं. त्यावर कागद चिकटवला आहे: 'आपल्या मुलींचे संशोधन'. बघणारे विचारतात, खण रिकामा का? मी सांगतो, भरायला लागलाय.

तुला आठवतं का, यंदा १४ एप्रिलला तुमच्या विहारात सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम झाला. उद्घाटन मीच केलं होतं. मी म्हणालो होतो, ज्यांना शतकं उशीर करून दारात घेतलं गेलं, त्यांना एक तासही उशीर परवडत नाही. तू समोर दुसऱ्या रांगेत होतीस, लॅपटॉप उघडून. सकाळी सहापासून बसलीस ती उठली नाहीस. शेवटी प्रमाणपत्र घेताना तुझा चेहरा दगडासारखा होता. मी शकूला म्हणालो, बघ, याला म्हणतात निश्चय.

तेच मी ३ तारखेला सांगणार आहे.

तुझा,
मामा


असल्फा
१६ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,
जयभीम.

प्रत बाइंडिंगला नाही. प्रतच नाही. मी लघुप्रबंध लिहिलेला नाही.

एकदा लिहून टाकलं. आता बाकीचं सांगते.

चार पेपरांचे मार्क आले, चांगले आले. पाचवी ओळ लघुप्रबंधाची, ती कोरी होती. केतननं मोबाइलवर वरच्या चार ओळी बघितल्या आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. मी त्या दिवशी सांगू शकले असते. दुसऱ्या दिवशी थोडं अवघड होतं. आठवड्यानं अशक्य झालं. आता मी रोज माझ्या चेहऱ्याखालून जाते.

त्या अठरा तासांत मी काय केलं ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही म्हणालात, एक तासही परवडत नाही. मी हिशेब केला, मला तेव्हाच दोन महिने उशीर झाला होता. मग मी संदर्भसूची अकारविल्हे लावली. मग समास मोजले. मग ऋणनिर्देश लिहिला. तुमचं नाव त्यात तिसरं आहे. चहा आला, पोहे आले, परत चहा आला. अठरा तासांत एक ओळ लिहिली नाही. उठले नाही कारण उठले असते तर कुणी विचारलं असतं, कितीपर्यंत आलं? प्रमाणपत्रावर लिहिलंय, 'सलग अठरा तास अभ्यास पूर्ण केल्याबद्दल'.

चौदा बायकांचं बोलणं फोनमध्ये आहे. जवळजवळ चार तास. ते ऐकून उतरवून काढायचं, मग लिहायचं. मी प्ले दाबत नाही. का, ते मला विचारू नका, मलाही माहीत नाही. घरातून दहाला निघते, बॅग घेऊन. आईला वाटतं प्रकाशकाकडे किंवा नोकरीसाठी. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसते. फाइल उघडते. प्रकरण तिसरे, असं लिहिलेलं आहे. त्याचा टाइप बदलते. ऋणनिर्देश आतापर्यंत चार वेळा लिहिला. आभार मला छान मानता येतात.

मुदत दोनदा वाढवून दिली. शेवटची तारीख १५ जानेवारी. माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, यापुढे नाही. विद्यापीठात समुपदेशक आहेत, मीरा मॅडम. त्यांची वेळ तीनदा घेतली, तीनदा गेले नाही.

मी रडत नाही. आई विचारते, जेवलीस का, मी हो म्हणते, आणि मग मला आठवत नाही जेवले की नाही. वाईट वाटायला हवं. वाटत नाही. कानात कापूस घातल्यासारखं सगळं लांब आहे.

हे तुम्हालाच सांगते कारण तुम्ही ओरडाल. कुणीतरी ओरडायला हवं. म्हणजे कदाचित काही होईल.

आईला सांगू नका. मी सांगेन.

रश्मी


वसमत
२१ डिसेंबर २०२४

रश्मी,

ओरडायला सांगतेस? ऐक.

तू चोर आहेस. चौदा बायकांना दिवसाला अर्धा तास मिळतो, जेवायला आणि पाठ टेकायला. त्यातली पंधरा-वीस मिनिटं त्यांनी तुला दिली. एकीनं दिलं, दुसरीनं दिलं, तू फोनच्या पेटीत घातलंस आणि कुलूप लावलंस. सावकार असाच असतो.

लांब आहे म्हणे सगळं. कापूस म्हणे. तुझ्या आईच्या कानात कापूस आहे का? बारा तास मशीनचा आवाज आहे तिच्या कानात. तिला कधी 'काही वाटत नाही' असं म्हणायला सवड मिळाली का? आणि हे समुपदेशन. ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांची मनं दुखतात. आमच्या काळात मन दुखलं तर आम्ही मोर्चाला जायचो.

तू एकटी नापास होत नाहीस. हे लक्षात ठेव. तुझ्यामागे जी मुलगी दारात उभी आहे तिच्या तोंडावर तू दार लावते आहेस. उद्या म्हणतील, बघा, संधी दिली होती.

अजून पंचवीस दिवस आहेत. पंचवीस गुणिले अठरा किती होतात ते मांड. बस. लिही. ३ तारखेला मी मंचावर येईन तेव्हा तुझ्या हातात निदान तीन प्रकरणं असली पाहिजेत. नाही तर मी काय बोलेन, याची मला खात्री देता येत नाही.

भीमराज


असल्फा
२७ डिसेंबर २०२४

प्रिय मामा,
जयभीम.

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. चांगलं लिहिलंय.

काही झालं नाही.

मला वाटलं होतं होईल. पण तुम्ही लिहिलेलं सगळं मी स्वतःला रोज सांगते. चोर हा शब्द मी ऑक्टोबरातच वापरला होता. मागच्या मुलीचं दारही. सकाळी दात घासताना सुरू होतं आणि ग्रंथालयात पोचेपर्यंत संपतं. मग मी इतकी दमलेली असते की फाइल उघडून बसण्यापलीकडे काही करता येत नाही. तुमच्या पत्रात मला नवीन असं एकच होतं, सावकार.

पंचवीस गुणिले अठरा, चारशे पन्नास.

तुम्ही ३ तारखेला मंचावरून खरं सांगणार असाल तर सांगा. मी अडवणार नाही. समोर बसून ऐकेन.

रश्मी


असल्फा
५ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
जयभीम.

तुमचा ताप उतरला का? मंडळाच्या अध्यक्षांना, जयवंतकाकांना, तुमचा निरोप दोन तारखेला दुपारी आला. आई घाबरली होती. तिनं तुमच्यासाठी शेजारून गादी आणून ठेवली होती, सतरंजीवर ऐकेना.

सत्कार झाला. तुमच्या जागी जयवंतकाकाच बोलले, चाळीस मिनिटं. मग माझं नाव घेतलं. मी वर गेले. संविधानाची प्रत, पुष्पगुच्छ आणि काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. मी घेतलं. लोक टाळ्या वाजवत होते, मला वाटत होतं शेजारच्या हॉलमध्ये कुणाचा तरी कार्यक्रम चाललाय.

मला वाटलं एवढंच असेल. पण गाळ्यातल्या बायका आल्या होत्या. चौदापैकी अकरा. सगळ्या ठेवणीतल्या साड्यांत, अर्धा दिवस रजा टाकून. मी त्यांना कधी बसलेलं बघितलं नव्हतं, खुर्चीत. विमलाताई म्हणून एक आहेत, मालवणच्या बाजूच्या, आईच्या शेजारच्या मशीनवर. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "गो बाय, माझा बोलणा कितव्या पानार आसा?"

मी म्हणाले, "बेचाळीस."

मामा, मला एका क्षणाचाही वेळ लागला नाही. बाकीच्यांनी लगेच विचारायला सुरुवात केली, माझं कितवं, माझं कितवं. मी सांगत गेले. अठ्ठावीस. तेहेतीस. एकसष्ट. आई बाजूला उभी राहून ऐकत होती आणि तिचा चेहरा इतका खूश होता. विमलाताई दुसरीला म्हणाल्या, "तुझा एकसष्ट? शेवटाक घातलान तुका. जास्त बोलतंस ना, म्हणान."

घरी आले. स्मृतिचिन्ह टीव्हीवर ठेवलं. बसले. मग फोन काढला आणि विमलाताईंचं प्ले दाबलं. चार मिनिटं ऐकलं. मग बंद केलं.

एवढंच. तुम्हाला कळवावंसं वाटलं.

तुम्ही तब्येतीला जपा.

रश्मी


वसमत
१० जानेवारी २०२५

प्रिय रश्मी,
जयभीम.

मला ताप नव्हता.

एक तारखेला बॅग भरली. एसटी स्टँडवर गेलो. गाडी लागली, लोक चढले, गाडी गेली. मी बाकावर बसून होतो. दुसऱ्या दिवशी जयवंतला खोटा निरोप दिला. पंचेचाळीस वर्षांत एकही सभा चुकवली नाही, असं मी प्रत्येक सभेत सांगतो. आता सांगता येणार नाही.

तुला वाटेल, मामाला तुझ्याबद्दल मंचावर खोटं बोलायचं नव्हतं म्हणून आला नाही. मलाही दोन दिवस तसंच वाटलं. पण ते खरं नाही. शकू पहिल्या रांगेत बसणार होती, म्हणून मी आलो नाही. याआधीच्या कुठल्या सभेला ती पहिल्या रांगेत नव्हती. मागे चुलीपाशी, नाही तर कामावर. ही पहिलीच वेळ होती.

तुझं ते 'काही झालं नाही' वाचलं आणि मी माझं पत्र आठवून पाहिलं. ते मी पंधरा मिनिटांत लिहिलं होतं, एकही खाडाखोड नाही. एवढ्या सफाईनं का लिहिता आलं? कारण ते पाठ होतं. दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून मी ते फार आधीपासून म्हणत आलो आहे.

१९८३ साल. शकू गावच्या शाळेत सातवी पास झाली. पुढे तालुक्याला जायचं, तर गावच्या शाळेतून तिचा दाखला काढून तालुक्याच्या हायस्कुलात द्यायचा होता. वडील अंगठेबहाद्दर, म्हणून काम माझ्यावर. जून महिना. मी सभा करत फिरत होतो. परभणी, नांदेड, जिंतूर. विषय असायचा, मुलींना शिकवा. दर सोमवारी शकू धुतलेला फ्रॉक घालून तयार बसायची, दादा येईल म्हणून. मी म्हणायचो, पुढच्या सोमवारी. नऊ जुलैला गेलो. हेडमास्तर म्हणाले, भरलं, आता पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी आई आजारी पडली आणि शकू चुलीपुढे बसली.

बेटा, मला त्या चार सोमवारांचं कारण आजपर्यंत देता आलेलं नाही. दाखला आणायला अर्धा दिवस लागला असता. पहिला सोमवार हुकला तेव्हा मला लाज वाटली. दुसऱ्याला लाज वाटली म्हणून गेलो नाही. तू जे फाइलचं लिहिलंस ते मी वाचलं आणि मला ओळख पटली.

त्यानंतर चाळीस वर्षं मी ओरडतो आहे. उशीर करू नका, उशीर करू नका. लोकांना वाटतं ही ज्वाला आहे. मी स्वतःला माफ करून सोडलं नाही आणि त्याची सजा समोर बसलेल्या प्रत्येक पोराला दिली. तुला दिली. दुसऱ्या रांगेत.

आम्ही पाण्यासाठी लढलो, नावासाठी लढलो. चुकून उशीर झाला तरी माणसांत राहण्याचा हक्क आम्ही कधी मागितला नाही. ज्यांना तो जन्मानं मिळतो त्यांची पोरं एक वर्ष वाया घालवतात, दोन घालवतात, आणि घरातले म्हणतात, सापडेल त्याला वाट. आम्हाला वाटलं, हा त्यांचा आळस. तो हक्क होता. तो तुला आहे. मी देतो म्हणून नाही, मी कोण देणारा? आहेच.

समुपदेशनाबद्दल मी लिहिलं ते अडाण्याचं बोलणं होतं. त्या बाईंकडे जा. चौथी वेळ घे. पाचवीही घ्यावी लागली तर घे.

१५ तारखेचं मला काही कळवू नकोस. चार मिनिटं ऐकलंस, ते मी दोनदा वाचलं.

हे पत्र शकूला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मला तिला सांगायचं धैर्य नाही. चाळीस वर्षांत झालं नाही.

तुझा,
मामा


असल्फा
१८ जानेवारी २०२५

प्रिय मामा,
जयभीम.

पत्र १४ तारखेला आलं. आई कामावरून येऊन पाय शेकत होती. मी वाचून दाखवलं. सगळं. तुमच्या पत्रात माझंही होतंच, त्यामुळे 'फाइल', 'दुसरी रांग' हे काय, ते तिला सांगावं लागलं. असं दोन्ही एकदम झालं. मी ठरवून केलं नाही. वेगळं सांगायला मला आणखी एक महिना लागला असता.

ती आधी तुमच्याबद्दल बोलली. जसं बोलली तसं लिहिते.

"दाखला? दादाला अजून ते लागून ऱ्हायलंय?"

मी म्हणाले, "तुला जायचं नव्हतं का?"

"जायचं व्हतं की. लई रडले. चार दिवस जेवले नाही. मग खुरपणी आली, कोण रडत बसतंय? मी कवाच सोडलं ते. त्याला धरून बसायचं तर बसू दे. पण सांग त्याला, माझ्या नावानं नको. मला नाही लागत ते."

मग पाण्यातून पाय काढला, पुसला. म्हणाली, "आन् तू. फ्लेक्स लागला त्या दिवशीच सांगायचं व्हतंस. मी उतरवला असता. शिडी काय लांब आहे का?"

मी म्हणाले, "तू रागावली नाहीस?"

"रागावले की. दिसंना का तुला? उद्या कामावर बायांना तोंड दाखवायचंय मला. का तूच येतेस?"

१५ तारीख गेली. तीन प्रकरणं काय, एकही पूर्ण नव्हतं. मी मॅडमना जाऊन तसं सांगितलं. पुढच्या सत्रात पुन्हा नाव नोंदवता येतं, विषय तोच ठेवून. फॉर्म त्यांच्यासमोर बसून भरला. मीरा मॅडमकडेही गेले, त्याच दिवशी, त्याच इमारतीत आहेत म्हणून. त्यांनी झोप आणि जेवण याबद्दलच विचारलं. पुढच्या बुधवारी पुन्हा बोलावलंय. माफ करणं वगैरे मला अजून कळलेलं नाही. अजून फारसं काही वाटतही नाही. पण सकाळचं ते दात घासतानाचं भाषण दोन दिवस झालं नाही. तेवढा वेळ रिकामा राहिला. त्यात मी विमलाताईंची अकरा मिनिटं वहीत उतरवली.

१६ तारखेला जेवणाच्या सुट्टीत गाळ्यावर गेले. आई म्हणाली, मी मध्ये बोलणार नाही. बोलली नाही. मी उभी राहून सांगितलं की पुस्तक झालेलं नाही, पानांचे आकडे मी मनानं सांगितले.

एक जण म्हणाली, "म्हणजे माझं एकसष्ट पण नाय? सुटले बाबा, मला वाटलं शेवटाला घातलं."

सगळ्या हसल्या. विमलाताई हसल्या नाहीत. डबा बंद केला. म्हणाल्या, "मी माझ्या सुनेक सांगलंय, बेचाळीस पानार आसा म्हणान. आता तिका काय सांगू?"

मी म्हणाले, "सांगा, ती खोटं बोलली."

"तसा कसा सांगू? शकूचा चेडू तू." मग माझ्या हातातल्या वहीकडे बघून, "ह्येच्यात काय आसा?"

"तुमचं बोलणं. अकरा मिनिटांचंच झालंय."

"वाच."

मी वाचलं. त्यांचं त्यांनाच. मशीनवर पहिल्या दिवशी बोट कापलं ते, आणि मग हे: 'जेवण झाल्यार धा मिनटां उरतत. तेव्हा मी कायएक करीत नाय. तेवढो टायम माझो.'

"थांब," त्या म्हणाल्या. "धा नाय. डबो धुवूक तीन जातत. सात. सात लिही."

मी दहा खोडून सात लिहिलं. दुसरीनं विचारलं, "माझं कधी?" मी म्हणाले, माहीत नाही. आधी हे संपवते. तेवढ्यात बेल झाली. त्या उठल्या, हात पुसले, आणि मशीनकडे जाताना मागे न बघता म्हणाल्या, "उद्या फुडचा वाच."

मामा, काल पुढचं वाचलं. आजही वाचून आले. एकूण सतरा मिनिटं झाली.

तुमची,
रश्मी